कळपाचा धनी कोण?

शाळामास्तराचा एक दोष निवृत्तीनंतरही जात नाहीं. कोणताही प्रश्न कानावर पडला, कीं उत्तर देण्याची त्याला घाई होते. तें उत्तर आपणांस खरोखर ठाऊक आहे कीं नाहीं, हा विचार मागाहून येतो. दोन महिन्यांपूर्वीं एके संध्याकाळीं आम्ही ओसरीवर बसलों असतां आमचा धाकटा नातू चित्रांचें पुस्तक घेऊन आला. चित्रांत माळावर घोड्यांचा कळप चरत होता आणि शेजारच्या टेकाडावर आयाळ उडवीत एक काळाभोर घोडा उभा होता. "आजोबा, हाच ना घोड्यांचा राजा?" त्यानें विचारलें. "होय, हाच राजा. याच्या हुकमावांचून कळपांतलें एक घोडें हालत नाहीं," असें आम्हीं सांगून टाकलें. नातू समाधानानें निघून गेला, पण माजघरांतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "आपण कधीं पाहिला होता तो कळप?"

पाहिला नव्हता. इतकेंच नव्हे, तर हेंच उत्तर आम्हीं वर्गांतही वर्षानुवर्षें दिलें होतें, आणि तेंही कोठें वाचून नव्हे. घर म्हटलें कीं कर्ता, राज्य म्हटलें कीं राजा, तसा कळप म्हटला कीं त्याचा कोणी धनी असावयाचाच, एवढ्याच समजुतीवर तें उत्तर उभें होतें. त्या दिवसापासून मोकळ्या घोड्यांविषयीं जें विश्वसनीय लिखाण मिळेल तें मिळवून वाचण्याचा आम्हीं सपाटा लावला. त्यांतून जें हातीं आलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक शंका मनांत येते. घोड्याशीं आपला संबंध हजारों वर्षांचा. मग त्याच्या संसाराविषयीं आपण इतके अजाण कसे राहिलों? आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवानें चालत आलेली अश्वशास्त्राची मोठी परंपरा आहे, नकुलाच्या नांवावर ग्रंथ आहे, जयदत्ताचें 'अश्ववैद्यक' आहे, आणि कौटिल्यानें अश्वाध्यक्षाचीं कर्तव्यें सांगण्यासाठीं स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. शुभाशुभ लक्षणें, दांतांवरून वय, खुराक, रोग आणि त्यांवरील उपचार यांचा आपल्या पूर्वजांनीं बारकाईनें विचार केला. परंतु तें ज्ञान मुख्यत्वें तबेल्यांतल्या घोड्याचें आहे. भीमथडीच्या ज्या काटक तट्टांवर मराठ्यांच्या स्वाऱ्या दूरदूर गेल्या, तीं तट्टेंही पागेंत अगाडी-पिछाडी बांधूनच उभीं असत. बांधलेल्या घोड्याचा स्वभाव कळेल. त्याचा संसार कसा कळणार? तो पाहावयाचा तर दोर सुटलेलीं, कोणाच्याही हुकमाखालीं नसलेलीं घोडीं पाहिलीं पाहिजेत.

अशीं मोकळीं घोडीं आज जगांत थोड्याच ठिकाणीं आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक माणसाच्या हातून सुटून रानावर गेलेल्या पाळीव घोड्यांची संतति आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागांतलीं 'मस्टँग' घोडीं, त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्याजवळील अ‍ॅसाटीग बेटावरचीं तट्टें, फ्रान्सच्या दक्षिणेस ऱ्होन नदीच्या मुखाशीं कामार्ग नांवाच्या पाणथळ मुलखांतलीं पांढरीं घोडीं आणि न्यूझीलंडच्या कायमानावा डोंगरांतलीं घोडीं हीं विशेष प्रसिद्ध. आपल्या देशांत आसामांतील दिब्रू-साइखोवा राष्ट्रीय उद्यानांत अशीं घोडीं आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं त्या भागांत आणलेल्या लष्करी घोड्यांपासून तीं झालीं असावीं, असें मानतात. मंगोलियांतील प्रझेवाल्स्की घोडा मात्र निराळा. तो १९६० नंतरच्या दशकांत रानांतून नाहींसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांतून वाढविलेलीं त्याच्या वंशाचीं घोडीं १९९२ पासून पुन्हां मंगोलियाच्या माळांवर सोडण्यांत आलीं. या सर्व कळपांमागें अभ्यासक वर्षेंच्या वर्षें हिंडले. रंगावरून, कपाळाच्या टिळ्यावरून, पायांच्या पांढरेपणावरून एकेक घोडें ओळखून त्यांनीं कोण कोणाजवळ चरतें, कोण कोणास वाट देतें आणि कोण आधीं निघतें, याचीं टिपणें ठेवलीं.

त्यांस प्रथम दिसलें तें हें, कीं दुरून जो एक कळप वाटतो तो वस्तुतः अनेक कुटुंबांचा समुदाय असतो. पाणवठ्यावर पुष्कळ घोडीं एकत्र जमलीं, तरी प्रत्येक कुटुंब आपापलें अंतर राखून असतें. एका कुटुंबांत सामान्यतः एक प्रौढ नर, दोन-चार घोड्या आणि त्यांचीं दोन-तीन वर्षांपर्यंतचीं शिंगरें असतात. हरणांच्या पुष्कळ जातींत नर केवळ हंगामापुरता माद्यांजवळ येतो. घोड्यांचें कुटुंब बारा महिने एकत्र असतें. कच्छच्या लहान रणांतलें 'खूर' नांवाचें रानगाढव हें घोड्याचेंच भाऊबंद; पण त्याच्यांत ही चाल नाहीं. तेथें नर आपली जागा धरून राहतो, माद्या येतात आणि जातात, आणि टिकाऊ नातें काय तें आई व तिचें पिलूं यांचेंच. तेव्हां घर करून राहणें हा अवघ्या अश्वकुळाचा धर्म नव्हे. घोड्यानें आणि झेब्र्यांच्या कांहीं जातींनीं हा गृहस्थाश्रम पत्करलेला आहे, इतकेंच म्हणतां येईल.

या घरांत जन्मलेलें मूल मात्र या घरांत राहत नाहीं. शिंगरूं दोन-तीन वर्षांचें झालें, कीं तें जन्माचें घर सोडतें. मग तो नर असो कीं मादी. आपण माणसाच्या मुलास लावतों तो 'किशोर' हा शब्द संस्कृतांत शिंगराचा वाचक आहे, हें येथें आठवतें. हे किशोर बापाच्या लाथेनेंच बाहेर पडतात असें नाहीं. पुष्कळदां समवयस्कांच्या ओढीनें आपण होऊन जातात. ते नरांच्या टोळीत राहतात, लुटूपुटूच्या झुंजी खेळतात, आणि पांच-सहा वर्षांचे झाल्यावर स्वतःचें कुटुंब मिळविण्याच्या खटपटीस लागतात. घोडीची मुलगी मात्र वयांत येतांच दुसऱ्या कुटुंबांत जाते. याचा परिणाम लक्षांत घेण्यासारखा आहे. हत्तींच्या कळपांत आई, मुली, मावश्या, नाती असा सगळा माहेरचाच गोतावळा असतो. घोड्यांच्या कुटुंबांतल्या घोड्या बहुधा एकमेकींच्या कोणीच नसतात. निरनिराळ्या घरीं जन्मून त्या एका घरीं नांदावयास आलेल्या असतात. आमच्या वाचकभगिनींस या स्थितीचें अधिक वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां अधिकाराकडे वळूं. अभ्यासकांनीं अधिकार मोजण्याची एक साधी रीत काढली: दोन घोडीं समोरासमोर आलीं असतां बाजूस कोण होतें तें पाहावयाचें. अशीं शेंकडों टिपणें जमलीं म्हणजे कुटुंबांतल्या घोड्यांची पायरी-पायरीनें एक उतरंड दिसूं लागते. वरच्या पायरीची घोडी कान मागें पाडून मान जराशी पुढें करते, आणि खालची दोन पावलें सरकते. बहुतेक वेळां प्रकरण येथेंच संपतें. चावा घेणें, दुगाण्या झाडणें हीं शेवटचीं साधनें. ही पायरी केवळ अंगाच्या थोराडपणावर ठरत नाहीं. वय आणि त्या घरांतल्या मुक्कामाचीं वर्षें यांना त्यांत मोठी किंमत असते. जी नवी आली ती बहुधा सर्वांत खालीं. आरंभीं जिच्या तिच्या पाडलेल्या कानांचा रोख तिच्यावरच असतो. हें वाचून पुष्कळांस वाटेल, कीं ही उतरंड म्हणजे जुलूमच. पण तिचा एक उपयोगही आहे. कोणीं सरकावयाचें हें एकदां ठरून गेलें, म्हणजे तोच तंटा रोज नव्यानें करावा लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटली. माळावर गवत दूरवर पसरलेलें असतें तेव्हां ही उतरंड जवळजवळ दिसतच नाहीं. वरची घोडी आणि खालची घोडी शेजारीं शेजारीं चरतात. पाण्याचा झरा अरुंद असला, किंवा माणसानें वैरण एकाच जागीं टाकली, कीं लगेच कान पडतात आणि लाथा उठतात. तीच वैरण लांबलांब चार ठिकाणीं टाकली, तर भांडण पुष्कळ कमी होतें. तेव्हां आपलीं घोडीं भांडखोर आहेत अशी तक्रार करणाऱ्या मालकानें प्रथम आपली वैरण टाकण्याची रीत पाहावी. सकाळीं ज्या घरांत दहा माणसांस एकच नळ असतो, तेथें स्वभावाला दोष देण्यापूर्वीं नळ मोजावे, हा आमचा स्वतःचा शेरा.

मग तो टेकाडावरचा काळा घोडा कोण? कॅथरिन हाउप्ट आणि रोनाल्ड कायपर या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं अ‍ॅसाटीगवरील मोकळ्या तट्टांचा आणि कांहीं पाळीव तट्टांचा अभ्यास १९८२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें, कीं नर हा कुटुंबांतला सर्वांत वरच्या पायरीचा प्राणी नव्हता आणि सर्वांत आक्रमकही नव्हता. कांहीं घोड्यांपुढें तोच बाजूस होत असे. हें वाक्य आम्हीं दोनदां वाचलें. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलें. मग नाइलाजानें सौभाग्यवतींस वाचून दाखविलें. त्यांनीं "बरें" एवढेंच म्हटलें.

नराचें काम राज्य करण्याचें नव्हे, राखणीचें आहे. तो बहुधा कुटुंबाच्या कडेस किंवा पाठीमागें असतो. कोणी मागें रेंगाळलें, किंवा परका नर जवळ आला, तर मान जमिनीलगत लांब करून आणि कान पाडून तो आपल्या घोड्यांस एकत्र हांकतो. परक्या नराची भेट घेण्यास तो एकटा पुढें जातो, आणि ही भेट पाहण्यासारखी असते. दोघे माना कमानदार करून येतात, नाकाशीं नाक लावतात, किंचाळतात, पुढचा पाय आपटतात. मग लिदेच्या ढिगापाशीं जाऊन हुंगतात, त्यावर आळीपाळीनें आपली लीद टाकतात, पुन्हां हुंगतात, आणि पुष्कळदां तेवढ्यावरच आपापल्या वाटेनें निघून जातात. सभेंत मोठ्या आवेशानें उभे राहिलेले दोन शास्त्री अखेर दक्षिणा घेऊन शांतपणें घरीं जातात, त्याची आम्हांस आठवण झाली. खरी झुंज होते तेव्हां मात्र ती जिवावरची असते, आणि जुन्या नराच्या अंगावर तिच्या खुणा राहतात. ही राखण एकट्यानें निभत नसेल, तर कधीं कधीं दोन नर मिळून ती करतात. क्लॉडिया फे या विदुषींनीं कामार्गच्या घोड्यांवर केलेला अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत खालच्या पायरीच्या नरांनीं जोड्या करून कुटुंबें सांभाळल्याचें, आणि जोडींतल्या दुय्यमासही संततींत वांटा मिळाल्याचें दिसून आलें. आणखी असें, कीं राखणदार बदलला तरी घर बहुधा मोडत नाहीं. जुना नर हरला किंवा मेला, तरी घोड्या पुष्कळदां एकत्रच राहतात.

नर राजा नव्हे हें कळल्यावर आमच्या मास्तरी मनानें लगेच दुसरें उत्तर तयार केलें: मग राणी असेल. घोडे बाळगणाऱ्या लोकांत तशी समजूत पूर्वींपासून आहेही. एक वडील घोडी पुढें चालते आणि बाकीच्या तिच्यामागून जातात, असें ते सांगतात. परंतु हेंही उत्तर कसोटीस उतरलें नाहीं. इटलींतील मोकळ्या घोड्यांवर कॉन्स्टान्झ क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेली पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत कुटुंबाला चालना देणारी अशी एकच ठरलेली घोडी आढळली नाहीं. कधीं ही निघे, कधीं ती निघे, आणि मागून हांकण्याचें काम प्रामुख्यानें नर करी. प्रझेवाल्स्की घोड्यांतही निघण्याचा निर्णय अनेकांच्या हालचालींतून होतो, असें फ्रान्समध्यें अभ्यास करणाऱ्यांना दिसलें आहे.

पण आधीं निघतें कोण? याचें सुंदर उत्तर घोड्याच्या आफ्रिकेंतल्या भावंडाकडून, म्हणजे मैदानी झेब्र्याकडून मिळालें. त्याचेंही कुटुंब घोड्यासारखेंच असतें. केनियांतील झेब्र्यांवरील एक अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें, कीं ज्यांच्या अंगावर पिलूं पीत असतें अशा माद्या वाटचालीचा आरंभ अधिक वेळां करतात. कारण उघड आहे. दूध देणारीला पाणी अधिक लागतें. येथें पुढारीपण मानावर अवलंबून नाहीं, गरजेवर आहे. जिला तहान अधिक, तिच्या मागून सारें कुटुंब पाण्यावर जातें. येथें आम्हीं पुस्तक मिटून ठेवलें. घरांत आधीं जेवावयास कोणीं बसावें, याविषयीं आपल्या पूर्वींच्या चालीरीती आम्हांस आठवूं लागल्या. बाळंतीण आणि अंगावर पाजणारी यांचें पान कोठें कोठें सर्वांत शेवटीं मांडलें जाई, तेंही आठवलें.

तेव्हां राजा एक, अधिकार एक, ही आमची समजूत मुळांतच चुकीची होती. कुटुंबांत मान एकीकडे असतो, राखण दुसऱ्याकडे, आणि वाट दाखविण्याचें काम गरजेप्रमाणें फिरत राहतें. लहानांना वळण लावण्याचेंही तसेंच. शिंगरूं मोठ्यांपुढें आलें म्हणजे मान लांब करून तोंडाची उघडझाप करतें. तें एक प्रकारें 'मी लहान आहें' असें सांगणें असावें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्यामुळें मोठ्यांचा रोष कमी होतोच असें निरीक्षणांत दिसलेलें नाहीं. लहानांच्या नम्रतेचा मोठ्यांवर नेहमीं परिणाम होतो, असें माणसांतही कोठें आहे? मात्र मोठ्यांच्या नुसत्या असण्याचा लहानांवर परिणाम होतो, हें खरें. एकाच वयाचीं शिंगरें निराळीं वाढविण्याची पद्धत युरोपांत पुष्कळ ठिकाणीं आहे. अशा शिंगरांत प्रौढ घोडीं सोडून पाहिलीं असतां त्यांचें आपसांतलें आक्रमक वर्तन घटलें आणि सलगी वाढली, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आढळून आलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतों. चरून झाल्यावर दोन घोडीं उलटसुलट तोंडें करून शेजारीं उभीं राहतात, आणि मानेच्या मुळाशीं, पाठ जेथें सुरू होते त्या जागीं, एकमेकांचें अंग दांतांनीं हळूहळू खाजवितात. हें काम ज्याच्या त्याच्याशीं केलें जात नाहीं. प्रत्येकाचा सोबती ठरलेला असतो. पूर्वीं लोक म्हणत, अंगावरचे किडे काढण्याची ही युक्ति आहे. क्लॉडिया फे यांनीं दुसऱ्या एका अभ्यासकाबरोबर १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घोड्यांच्या काळजाचे ठोके मोजले. नेमक्या त्या मानेच्या मुळाशीं खाजविलें असतां ठोके मंदावले. अंगाच्या दुसऱ्या जागीं खाजविलें असतां तसें झालें नाहीं. म्हणजे ही केवळ अंगाची स्वच्छता नव्हे. हा जिवाला मिळणारा विसांवा आहे.

यापुढची गोष्ट न्यूझीलंडच्या कायमानावा डोंगरांतली. एलिसा कॅमेरॉन व त्यांचे सहकारी यांनीं तेथल्या घोड्यांवरील दीर्घ निरीक्षणाचें फलित २००९ सालीं प्रसिद्ध केलें. घरांतल्या कोणत्या घोडीचें इतर घोड्यांशीं किती सख्य आहे, ती कोणाजवळ उभी राहते, कोणाचें अंग खाजविते, हें त्यांनीं मोजलें. आणि तिला किती शिंगरें झालीं व त्यांतलीं किती जगलीं, हेंही मोजलें. ज्यांचें सख्य अधिक होतें त्यांस शिंगरें अधिक झालीं आणि तीं जगलींही अधिक. नराकडून होणारा त्रासही त्यांच्या वांट्यास कमी आला. रानाचा कस, घोडीचें वय आणि तिची पायरी हीं सर्व विचारांत घेऊनही हें फळ कायम राहिलें. ज्यांचें सख्य मोजलें त्या घोड्या एकमेकींच्या रक्ताच्या नव्हत्या. बहिणी बहिणींस सांभाळतात, यांत नवल नाहीं. चार ठिकाणांहून आलेल्या परक्या चौघींच्या सख्यावर एका घराचीं लेंकरें जगतात, हें मात्र आम्हांस कोणीं कधीं शिकविलें नव्हतें. आम्हींही कोणास शिकविलें नाहीं.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. जनावरांच्या वागणुकीवरून माणसांस धर्म सांगणें धोक्याचें असतें. कारण ज्याला जें हवें तें त्याला तेथें सांपडतें. त्याच घोड्यांत नव्या घोडीचा छळ होतो, आणि कुटुंब बळकावणारा नवा नर कधीं कधीं आधींच्या शिंगराचा जीवही घेतो. तें आपण उचलावें असें कोणीही म्हणणार नाहीं. तेव्हां घोडीं असें करतात म्हणून आपणही करावें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परक्या घराकडे पाहतां पाहतां कधीं कधीं आपलें घर स्वच्छ दिसूं लागतें, इतकाच त्याचा उपयोग. आणि तो आम्हांस या वेळीं झाला.

आमचे वडील बंधू निवर्तल्यावर घराचें कर्तेपण आमच्याकडे आलें. हिशेबाच्या वह्या, लग्नकार्यें, देणेंघेणें आम्हीं आपल्या हातीं ठेवलें आणि हें एकत्र घर आपणच राखलें, असें मानीत आलों. आमच्या वहिनी कोंकणांतल्या, सौभाग्यवती देशावरच्या. आरंभींची दोन वर्षें दोघींत केवळ कामापुरतें बोलणें असे. पुढें केव्हां पालटलें तें आमच्या लक्षांत आलें नाहीं. पण रोज दुपारीं जेवणें उरकलीं, कीं दोघी मागच्या पडवींत बसत आणि एकमेकींची वेणीफणी करीत. अर्धा तास, कधीं तास. तीस वर्षें हा क्रम चालला. "दुपारचा वेळ फुकट जातो," असें आम्हीं एकदां दोघींच्या देखत बोलून दाखविलें होतें. वहिनी नुसत्या हंसल्या. दुसऱ्या दिवशीं फणी आणि तेलाची वाटी पुन्हां पडवींत होती.

आमच्या थोरल्या मुलास लहानपणीं विषमज्वर झाला तेव्हां सौभाग्यवती धाकट्याच्या बाळंतपणांत अंथरुणावर होत्या. एकवीस दिवस वहिनींनीं थोरल्याच्या उशाशीं काढले. आम्हीं डॉक्टरांचे पैसे दिले, आणि मुलगा वांचविल्याचें श्रेय मनांतल्या मनांत घेऊन टाकलें. कायमानावाच्या घोड्यांची हकीकत वाचीपर्यंत तें श्रेय आमच्याकडेच होतें.

गेल्या वर्षीं वहिनी गेल्या. सौभाग्यवती आतां आपले केंस आपणच विंचरतात, आणि तेंही पडवींत नव्हे, आंतल्या खोलींत उभ्या उभ्या. रिकामी राहिलेली पडवी भिंत घालून बंद करावी आणि तेथें आमचीं पुस्तकें ठेवावीं, असें आम्हीं ठरविलें होतें. गवंड्यास दिवसही दिला होता. आमच्या दोन्ही सुना नोकरीच्या. दुपारीं त्या घरीं नसतात. धाकटीला या घरांत येऊन अजून वर्षही झालेलें नाहीं. परंतु मागच्या रविवारीं आम्ही विहिरीकडे जात असतां पाहिलें, तर थोरली पडवीच्या पायरीवर बसली होती आणि धाकटी तिच्या मागें बसून तिच्या केंसांतला गुंता सोडवीत होती. दोघीही कांहीं बोलत नव्हत्या. आम्ही विहिरीकडे न जातां तसेच मागें फिरलों.

नातवास बोलावून आम्हीं आपलें उत्तर दुरुस्त केलें. तो घोडा राजा नव्हे, राखणदार आहे, असें सांगितलें. "मग राजा कोण?" असें त्यानें विचारलें. राजा कोणीच नाहीं, हें ऐकून त्याचा बराच विरस झाला. चित्रांतल्या घोड्याकडे पाहून तो म्हणाला, "पण उभा तर राजासारखाच आहे." हें खरें आहे, असें आम्हीं कबूल केलें, उभें राहण्याची ती रीत आम्हांसही ठाऊक आहे.

गवंड्यास येऊं नको म्हणून निरोप धाडला आहे. पुस्तकें ओसरीवरच्या फडताळांत राहतील.